न वाजलेल्या भोंग्याची नोंद

१

झाडू मडावीला अस्वलानं मोहाच्या झाडाखाली धरलं, तेव्हा आमचा भोंगा त्याच्या जवळच्याच खांबावर टांगलेला होता. तो वाजला नाही. आणि आदल्या संध्याकाळी आमच्या सावली गावातल्या ऑफिसात संगणकानं याच भोंग्याच्या प्रोग्रामला हिरवी खूण दिली होती : अस्वल ओळखलं, भोंगा वाजवला, तपासणी पास.

हे दोन्ही एकाच वेळी खरं कसं असेल, हा प्रश्न मला पडला. पण माझं काम खांबावर चढायचं. प्रश्न विचारायचं काम ऑफिसात दुसऱ्यांकडे असतं, आणि त्या आठवड्यात ते कोणीच करत नव्हतं.

मी इस्तारी. सावलीतल्या एका लहानशा कंपनीत डब्बे बसवतो. डब्बा म्हणजे एक कॅमेरा, एक भोंगा आणि आत एक प्रोग्राम. रानाच्या कडेला खांबावर लावायचा. अस्वल किंवा वाघ गावाकडे येताना दिसला की भोंगा वाजतो आणि माणसं घरात शिरतात. प्रोग्राम लिहितो भूपेश. कंपनी त्याचीच. तो प्रोग्राम बरोबर आहे की नाही हे तपासते रोशनी. मी या दोघांच्या कामावर डोळे मिटून विश्वास ठेवतो आणि गाडी काढतो.

मुलचेऱ्यापलीकडच्या मोहटोल्यातला डब्बा रीना मडावी सांभाळायची. खांबाच्या बुडाशी एक कुलूपबंद पेटी, त्यात चालू-बंदचा खटका, आणि त्याची किल्ली रीनाकडे. झाडू हा तिचा सासरा. नवरा मिरची तोडायला तेलंगणात गेलेला, कडेवर तान्हं पोर.

घटनेच्या दुसऱ्याच दिवशी भूपेशनं गावात फोन करून सांगितलं, "आमची तपासणी पास आहे. खटका कोनं बंद केला ते पाहा."

बस, एवढंच बोलला. पण किल्ली एकटीकडे, आणि तिचं पोर भोंग्यानं दचकून उठतं हे गावाला ठाऊक. पोराच्या झोपेपायी रीनानं सासऱ्याला अस्वलाच्या तोंडी दिलं, असं पाणवठ्यावर सुरू झालं. बचत गटाच्या सुगंधाबाईनं तिच्याकडून किल्ली काढून घेतली. पुढच्या बैठकीत तिला गावासमोर उभं करायचं ठरलं. चोर सोडून संन्याशाला फाशी देतात ती अशीच.

मी उतरलेला चेहरा घेऊन मोहटोल्यातून ऑफिसात परतलो तर भूपेश म्हणाला, "इस्तारीभाऊ, मी चंद्रपूरहून रीताबाईले बोलावून राह्यलो. आपली तपासणी पक्की आहे असं ते लिहून देईल. मंग कोनी आपल्यावर बोट दाखवनार नाई."

त्यानं बाईला स्वतःला वाचवायला बोलावलं होतं. बाई कोण आहे हे त्याला नीट माहीत नव्हतं.

२

रीताबाई पुण्याच्या मोठमोठ्या कंपन्यांत प्रोग्राम नापास करण्याचं काम करून आलेल्या. मूळच्या मूल गावाकडच्या, मासेमारीच्या घरच्या. पन्नाशीच्या आसपास वय, ठसठशीत कुंकू आणि चालणं असं की जणू समोरच्या दाराला आपणहून बाजूला व्हायची एक संधी देत आहेत. आल्या आल्या त्यांनी खुर्ची ओढली आणि माझ्याकडे पाहिलं.

"तुमी कोन?"

"मी इस्तारी. डब्बे बसवतो."

"मंग तुमीच बसा इथी. हे दोघं मले सांगतील. तुमाले समजलं त मले समजलं, असं धरून चालू."

मला तेव्हाच ही बाई आवडली. आजवर ऑफिसातल्या बैठकीत मला फक्त चहा सांगायला ठेवलं जायचं.

भूपेशनं सांगायला सुरुवात केली. त्याचा एक डिबगर आहे, नाव 'माग'. तीन पावसाळे खपून त्यानं स्वतः बनवलेला. डिबगर म्हणजे चालत्या प्रोग्रामच्या मागोमाग जाणारा दुसरा प्रोग्राम. पहिल्याला हवं तिथं थांबवतो, त्याच्या पोटात त्या घडीला काय चाललंय ते पाहतो, आणि पाहिलेलं सगळं एका फाईलमध्ये लिहीत जातो. त्या फाईलला लॉग म्हणतात. हालचाल दिसली. अस्वल ओळखलं. भोंगा वाजवला. मी एकदा माग चालताना पाहिला होता. डब्बा काय विचार करतो ते पडद्यावर ओळीओळीनं उतरताना बघून मी भूपेशला मनातल्या मनात नमस्कार घातला होता.

"आता तू सांग," रीताबाई रोशनीला म्हणाल्या.

रोशनी व्याहाडच्या ढीवरवाड्यातली, मासेमारांच्या घरची, बारीक अंगाची, बोलायला कमी. ती म्हणाली, "भूपेशभाऊ रोज सायंकाळी नवा प्रोग्राम पाठवते तवा तो आपोआप या टेबलावरच्या डब्ब्यात जाते. समोरच्या टीव्हीवर इस्तारीभाऊनं मोहटोल्यात मागं कधी काढलेला अस्वलाचा व्हिडिओ लागते. डब्बा तो पाह्यते, माग लॉग लिहिते. मंग माझी तपासणी लॉग उघडते अन् मले पाह्यजे त्या ओळी आहेत का ते शोधते. सापडल्या त हिरवा. मंग प्रोग्राम गावागावात जाते. नाई सापडल्या त लाल, अन् तो इथीच अडकते."

"यात मानूस कुठी लागते?"

"कुठीच नाई. सारं आपोआप."

"त्या सायंकाळी ऑफिसात कोन होतं?"

कोणीच नव्हतं. भूपेश प्रोग्राम पाठवून गडचिरोलीला गेलेला, रोशनी घरी, मी खांबावर.

भूपेशनं तपासणीचा अहवाल पडद्यावर आणला. तीन ओळी आणि प्रत्येकीपुढं हिरवी खूण. रीताबाईंनी चष्मा पुसून वाचल्या.

"यात वेळ काऊन नाई? लॉग म्हटला का ओळीपुढं वेळ रायते."

"लॉगमध्ये आहे," रोशनी म्हणाली. "पन वेळ दर खेपेले बदलते. ते धरून ओळ जुळवली त कधीच जुळनार नाई. म्हनून तपासणी वेळ पुसते अन् मंग जुळवते."

"बरोबर करते. मीही असंच केलं असतं," रीताबाई म्हणाल्या, आणि रोशनीचा चेहरा उजळला. मग त्यांनी टेबलावरच्या डब्ब्याकडे बोट केलं. त्याच्या भोंग्याच्या तोंडात आम्ही चिंध्या कोंबल्या होत्या, नाहीतर बसस्टँड गोळा झालं असतं. "भोंगा वाजवला, असं इथी लिहिलं आहे. वाजताना कोनं ऐकला?"

३

आमच्या खालच्या मजल्यावर शकुबाईची चहाची टपरी आहे. चिंध्या कोंबल्या तरी भोंगा वाजला की लाकडी पाटण थरथरतं आणि शकुबाईच्या फळीवरच्या कपबशा नाचू लागतात. या एका कारणावरून तिची आमची रोजची लठ्ठालठ्ठी. रीताबाईंनी चहा मागवला नाही. त्या स्वतः खाली उतरल्या आणि बाकावर बसून कपाची तारीफ करू लागल्या. मी मागे उभा.

"हे कप आजपर्यंत फुटले नाई हेच नवल," शकुबाई म्हणाली. "वरचे पोट्टे रोज सायंकाळी भूत सोडते ना बाई. मी हात धरून ठेवतो कपायले."

"रोज?"

"रोज. एक ते दिवस सोडून. मोहटोल्याच्या बुढ्याले अस्वलानं धरलं ना, त्याच्या आदल्या सायंकाळी. मी वाट पाहून राह्यली होती, कप धरून. काईच नाई. मी म्हनलं, आज पोट्टे घरी गेले वाटते."

रीताबाईंनी चहा संपवला, पैसे दिले, आणि जिना चढताना मध्येच थांबल्या.

"इस्तारीभाऊ, भोंगा गावात वाजला नाई. हे साऱ्यायले माहीत आहे. आता तो ऑफिसातही वाजला नाई. मंग अहवालातला भोंगा कोनता?"

वर आल्यावर त्यांनी हे दोघांनाही सांगून टाकलं. भूपेशनं ऐकलं आणि हळूहळू त्याची मान रोशनीकडे वळली. डिबगर त्याचा. तपासणी रोशनीची. अहवाल लिहिते ती तपासणी.

"रोशनी," तो म्हणाला, "ते ओळ तू हातानं टाकली का?"

४

रोशनी रडली नाही. ती उठली, संगणकाची तार भिंतीतून उपसली आणि भूपेशच्या पुढ्यात टाकली. "घ्या. माझ्यावर विश्वास नाई त माझ्या तपासणीवर काऊन ठेवता?" एवढं बोलून ती खिडकीपाशी जाऊन उभी राहिली.

"हे पोरगी खोटं लिहिनारी नाई," रीताबाई म्हणाल्या. "खोटं लिहिनारा मानूस पहिले रडते. पन माझा अंदाज हा काही पुरावा नाई. इस्तारीभाऊ, गाडी काढा."

वैनगंगा ओलांडून आम्ही गडचिरोलीच्या दवाखान्यात गेलो. झाडूचा डावा हात खांद्यापासून बांधलेला, गालावर टाके. तोंड उघडलं की दुखत होतं, तरी मला पाहून म्हणाला, "जोहार. खांबवाला आला."

"झाडूभाऊ, एकच विचारतो," रीताबाई खाटेजवळ बसल्या. "अस्वल आलं तवा खांबावरचा बारका लाल दिवा चालू होता का बंद?"

हा दिवा मीच लावतो. डब्बा जिवंत असला की तो जळतो. खटका बंद केला की विझतो.

"चालू होता," झाडू म्हणाला. "म्हनून त मी पळालो नाई."

"म्हनजे?"

"अस्वल दिसलं. मी दिव्याकडे पाह्यलं. म्हनलं, दिवा जळून राह्यला, आता भोंगा वाजते अन् हे भेते. टोपली घेऊन उभा राह्यलो. वाजलाच नाई." त्यानं गालावरचे टाके चाचपले. "मी गावाले सांगतलं, माझ्या सुनेनं खटका बंद नाई केला. पन सासरा सुनेचीच बाजू घेनार म्हनते."

मी आजवर बरेच खांब चढलो. पण माझ्या दिव्यावर भरवसा ठेवून कोणी अस्वलासमोर पाय रोवेल, हे कधी डोक्यात आलं नव्हतं.  रीताबाईंनी त्याच्या उजव्या हातावर आपला हात ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही.

मोहटोल्यात पोचलो तर रीना अंगणात मोहफुलं वाळत घालत होती. शेजारच्या अंगणातल्या बाया आम्हाला पाहून आत गेल्या. रीनाकडे त्या येत नव्हत्या हे कळायला कोणाला विचारायची गरज नव्हती.

रीताबाईंनी तिला झाडूचं बोलणं सांगितलं. दिवा चालू होता, म्हणजे खटका चालू होता. रीनाला हायसं वाटेल असं मला वाटलं होतं. तिनं उलट फुलं पसरायचं थांबवलं आणि खाली बसली.

"खटका मी बंद नाई केला, बाई," ती म्हणाली. "पन भोंगा मीच बंद केला."

५

सावलीला परतताना गाडीत मी रीनाचं बोलणंच घोळवत होतो. रीनानं सांगितलेलं साधं होतं. मोहाच्या दिवसांत बाया उजाडायच्या आधी टोपल्या घेऊन झाडांखाली जातात. डब्बा वाकलेल्या बाईला अस्वल समजायचा आणि रोज पहाटे भोंगा ठणाणा करायचा. बाया वैतागल्या. शेवटी रीनानं भूपेशला फोन केला : मानूस दिसला का भोंगा गप्प राह्यला पाह्यजे, असं काही करा ना भाऊ.

रीताबाई ऑफिसात शिरल्या त्या थेट भूपेशसमोर.

"रीनानं मागतलं ते तू केलं?"

"केलं. त्याच सायंकाळी पाठवलं." बोलता बोलताच भूपेशचा रंग उतरला. तो हुशार आहे. जे कळायला मला गाडीत तासभर लागला ते त्याला एका श्वासात कळलं. "मानूस दिसला का गप्प. पन मानूस अन् अस्वल दोघंही दिसले त... त्यातही गप्प."

"झाडू टोपली घेऊन उभा होता. अस्वल समोर. तुझ्या डब्ब्यानं मानूस पाह्यला अन् तोंड मिटलं."

"पन रीताबाई, म्हनूनच त तपासणी आहे ना!" भूपेशचा आवाज चढला. "इस्तारीभाऊनं काढलेल्या व्हिडिओत अस्वलाच्या बाजूले झाडूभाऊ उभा आहे, हात हलवून मागं जा म्हनून राह्यला. माझा प्रोग्राम त्या व्हिडिओवरच नापास झाला पाह्यजे होता. तो पास कसा झाला?"

"हाच त खरा गुन्हा आहे," रीताबाई म्हणाल्या. "चूक साऱ्यायच्याच हातून होते. पन तिले पकडाले बसवलेला राखनदार झोपला कसा, हे पाह्याचं. इस्तारीभाऊ, तुमचा दुपट्टा द्या."

मी खांद्यावरचा दुपट्टा दिला. त्यांनी तो घडी करून टेबलावरच्या डब्ब्याच्या कॅमेऱ्यावर गच्च बांधला. आंधळ्या कोशिंबिरीत बांधतात तसा.

"रोशनी, संगणक लाव अन् तपासणी चालव."

टीव्हीवर व्हिडिओ सुरू झाला. अस्वल मोहाखाली आलं, झाडूनं हात हलवला. डब्ब्याला यातलं काहीही दिसत नव्हतं. भोंगा मुका. खाली शकुबाईचे कप शांत. मग पडद्यावर अहवाल उमटला.

हालचाल दिसली. अस्वल ओळखलं. भोंगा वाजवला. तिन्ही हिरव्या.

रोशनीनं तोंडावर हात ठेवला. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं म्हणतात, इथं तर आंधळ्याला पीठ उत्तम झाल्याचा दाखलाही मिळाला होता.

"जे तपासणी नापास करूच शकत नाई, तिच्या पासाले का किंमत?" रीताबाई म्हणाल्या. "आता एकच राह्यलं. रोशनी, तपासणी सुरू व्हाच्या आधी जुना लॉग कोन रिकामा करते?"

"माग करते. दर खेपेले कोरी फाईल उघडते."

"भूपेश?"

भूपेश म्हणाला, "करत होता. मी बंद केलं."

रोशनी वळली. "कधी?"

"त्याच आठवड्यात. लाइन गेली होती ना, अन् आली तवा मागनं नवीन फाईल उघडून जुना लॉग पुसून टाकला. फार चांगलं काही सापडलं होतं त्यात, सारं गेलं. मंग मी ठरवलं, जुनं पुसाचंच नाई. नवीन त्याच्या खाली लिहाचं." त्याला आणखी काहीतरी सांगायचं होतं, ते जरा लाजत आलं. "आमच्या घरी धानाची ढोली कधी पुरी झाडत नाई, बाई. मूठभर जुनं ठेवाचं अन् त्याच्यावर नवं ओताचं. आजी म्हने, रिकाम्या ढोलीत लक्ष्मी येत नाई. मले त्यात सांगन्यासारखं काही वाटलंच नाई."

रीताबाई पहिल्यांदा हसल्या. "अन् तू रोशनी? लॉग वरून खालपर्यंत सारा शोधते, अन् पहिली ओळ सापडली का थांबते. त्यात जुनं काही असन, असं तुले कधी वाटलं नाई?"

"आमी जाळं झटकल्याबिगर पान्यात टाकतच नाई," रोशनी म्हणाली. "जाळ्यात जे आहे ते आजचंच."

"मीही जाळ्याच्याच घरची. मलेही वाटलं नसतं." रीताबाई माझ्याकडे वळल्या. "समजलं का, इस्तारीभाऊ?"

समजलं. त्या संध्याकाळी भोंगा वाजलाच नव्हता, पण फाईलमध्ये आदल्या दिवसाची 'भोंगा वाजवला' ही ओळ वर तशीच होती. तपासणीला ती सापडली. वेळ पुसलेली, म्हणून ती शिळी आहे हे कोणाला कळायला मार्ग नाही. तपासणीनं शिळ्या माशाला ताजा म्हणून हिरवी खूण दिली. दोघांनीही आपापल्या घरचा चांगला संस्कारच पाळला होता, आणि त्या दोन चांगल्या सवयींच्या मधल्या फटीतून अस्वल आत आलं.

"मंग मागनं खोटं लिहिलं?" मी विचारलं.

"मागनं एक अक्षरही खोटं लिहिलं नाई." रीताबाईंनी अहवाल बाजूला सारून आख्खा लॉग उघडला आणि त्या संध्याकाळच्या वेळेपाशी जाऊन थांबल्या. तिथं शांतपणे लिहिलेलं होतं : हालचाल दिसली. अस्वल ओळखलं. माणूस ओळखला. भोंगा रोखला. "पोरा, असा डिबगर मी पुन्यातही पाह्यला नाई. त्यानं खरं लिहून ठेवलं होतं. कोनी खालपर्यंत वाचलंच नाई."

भूपेशनं रोशनीकडे पाहिलं. "मी तुले काय बोललो ते..." 

"ते मंग," रोशनी म्हणाली. "पहिले मोहटोल्यात फोन करा."

"फोन नाई," भूपेश म्हणाला. "फोननंच त बट्ट्याबोळ केला. मी जातो."

६

गावाची बैठक समाजमंदिराच्या ओट्यावर भरली. सुगंधाबाई मध्ये, किल्ली तिच्या कमरेला. रीना एका खांबाशी पोर घेऊन उभी. तिच्या आजूबाजूची जागा मोकळी होती.

भूपेश उभा राहिला. मला वाटलं होतं तो आधी प्रोग्राम समजावेल आणि मग गोलगोल चुकीकडे येईल. शिकलेली माणसं तसंच करतात. तो पहिल्याच वाक्यात म्हणाला, "खटका कोनी बंद नाई केला. भोंगा माझ्या चुकीनं वाजला नाई, अन् मी न पाहता तुमच्या रीनाबाईचं नाव खराब केलं."

त्या घडीला मला त्याचा अभिमान वाटला. तो डिबगर बनवताना वाटला त्यापेक्षाही जास्त.

पण गाव सहजी ऐकत नाही. "कंपनीवाले तिले वाचवून राह्यले," मागून कोणी बोललं. "झाडूनं केस करू नाई म्हनून."

"मंग डोळ्यानं पाहा," सुगंधाबाईच म्हणाली. ती कडक आहे, पण न्यायाची आहे. "आणलं आहे ना सोबत? लावा."

मी डब्बा ओट्यावर ठेवला, टीव्ही लावला. भोंग्यातल्या चिंध्या आधीच काढल्या होत्या. रोशनीनं त्या संध्याकाळचाच प्रोग्राम जुन्याच तपासणीसकट चालवला. अस्वल आलं, झाडू हात हलवताना दिसला तेव्हा बायांमध्ये चुळबुळ झाली. सगळे कानांवर हात ठेवायच्या तयारीत. भोंगा वाजला नाही. पडद्यावर मात्र हिरवा : भोंगा वाजवला.

 रीताबाईंनी लॉगमधली त्या संध्याकाळची खरी ओळ मोठ्यानं वाचून दाखवली. माणूस ओळखला. भोंगा रोखला.

सुगंधाबाई उठली. तिनं कमरेची किल्ली सोडली, रीनापर्यंत चालत गेली आणि पुढं केली. "घे माय. आमचं चुकलं."

रीनानं हात पुढं केला नाही.

"या हिरव्या खुणेनं मले खोटं ठरवलं," ती म्हणाली. आवाज बारीक होता, पण ओट्याच्या टोकापर्यंत पोचला. "आता हिरवा दाखवाल त मी काऊन मानू? पहिले मले तो लाल होताना दाखवा."

रीताबाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत जे होतं ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं. आयुष्यभर आपण एक गोष्ट शिकवत फिरावं आणि कोणीतरी न शिकवता ती मागावी, तसं काहीतरी.

रोशनीनं दुरुस्त केलेली तपासणी लावली. आता ती आधी जुना लॉग दुसरीकडे ठेवत होती आणि कोरी फाईल उघडत होती. भूपेशचं जुनंही राहिलं, रोशनीचं जाळंही झटकलं गेलं. तिनं आपली ओढणी कॅमेऱ्यावर बांधली. व्हिडिओ चालला. पडदा लाल झाला. पोरं हसली. मग ओढणी काढून भूपेशचा तो गप्प बसणारा प्रोग्राम पुन्हा चालवला. पुन्हा लाल.

"आता नवीन," भूपेश म्हणाला. यात माणूस असो नसो, अस्वल दिसलं की आवाज. पहाटे बायांवर एखादे वेळी फुकट वाजला तरी गप्प राहण्यापेक्षा ते बरं.

भोंगा वाजला. चिंध्यांशिवाय, उघड्या ओट्यावर. कुत्री पळाली, रीनाचं पोर भोकाड पसरून रडू लागलं, आणि त्या गोंगाटात पडदा हिरवा झाला.

रीनानं पोर सुगंधाबाईकडे दिलं आणि किल्ली घेतली. मग भूपेशला म्हणाली, "पुढं नवीन प्रोग्राम पाठवाल तवाही असंच. पहिले लाल, मंग हिरवा. मी पाह्यल्याबिगर या खांबावर काही चढनार नाई."

"हो, बाई," भूपेश म्हणाला.

ती माझ्याकडे आली. "भाऊ, मामाजीले फोन लावून द्या. अन् तो भोंगा पुन्हा वाजवा."

मी दवाखान्यात फोन लावला. तिनं तो भोंग्याकडे धरला आणि रोशनीनं व्हिडिओ परत चालवला. सगळं गाव कानावर हात ठेवून उभं होतं. आवाज थांबल्यावर रीनानं विचारलं, "मामाजी, ऐकू आला का?"

टाक्यांमुळे झाडूला सावकाश बोलावं लागत होतं.

"आला ना. माझ्या बाजूच्या खाटेवरचा उठून बसला," तो म्हणाला. "गाव ऐकून राह्यलं का?"

"हो. सारे इथीच आहे."

"मंग फोन त्यायच्याकडे कर." तिनं तो वर धरला. "मी म्हनलं होतं ना," झाडूचा आवाज आला, "माझी सून असं करत नाई."

इतके दिवस कोरड्या डोळ्यांनी उभी असलेली रीना तेव्हा रडली, आणि बाजूच्या बाया तिच्याजवळ सरकल्या.